सहा पाटे

चिल्लर नेहमी डाव्या कोपऱ्यात सापडायची.
डॅशबोर्डवर कुठेही ठेवा,
खिरोद्यापासून सावद्यापर्यंत
दोनाची, पाचाची सगळी नाणी
सरकत सरकत तिथेच जाऊन बसायची,
भिंतीला टेकलेल्या म्हाताऱ्यांसारखी.

मी म्हणायचो, रस्ताच तसा आहे.
वजनकाट्यावरचा पोऱ्या म्हणायचा, माल नीट लावा.
मग केळीचे घड उजवीकडे जास्त लावून पाहिले,
एक सबंध हंगाम.
तरी मागचे हॉर्न देऊन
हात वाकडा करून दाखवायचे:
तुमची गाडी पाहा,
कानात पाणी गेल्यासारखी चालते.

फैजपूरच्या नाक्यावर रमजान तडवीने
काही विचारलं नाही, हवा तपासली नाही.
चाकापाशी उकिडवा बसला
आणि टायरपासून हौद्याच्या कडेपर्यंत वीत घातली.
उजवीकडे वीत आणि चार बोटं.
डावीकडे नुसती वीत, तीही आखडून.
"टायर नाही भाऊ," तो म्हणाला, "हाड आहे."

एक जॅक लावला. दुसरा लावला, खाली सागाचा ओंडका.
यू-बोल्ट गंजून एकजीव झालेले,
त्यांना डिझेल पाजून तो चहाला गेला
आणि मी गाडीखाली वाकून बघत राहिलो.
नऊ वर्षं हिच्यात बसत होतो,
पोटाकडून कधी पाहिली नव्हती.

परत आल्यावर पान्याला पाईप जोडून
तो सगळ्या अंगाने लटकला.
तिसऱ्या झटक्याला काहीतरी ओरडलं.
बोल्ट नव्हे, तोच.
बोटाचं सालटं गेलं होतं.

पाटे सुटे करून जमिनीवर मांडले,
थोरल्यापासून धाकट्यापर्यंत,
लग्नाच्या फोटोला उभे केल्यासारखे.
उजवीकडचे सात.
डावीकडचे सहा,
आणि सहाव्याच्या पोटाशी बाभळीची फळी,
ऑइल पिऊन काळी,
दबून दबून भाकरीएवढी उरलेली.

"हे पाय. एक पाटा कुठी गेला?"

पाटा काही गळून पडत नाही.
कुणीतरी बसून काढावा लागतो.
सुपडूभाऊला फोन लावला,
माझ्याआधी गाडी त्याच्याकडे होती.
तो आधी हसला.
मग म्हणाला, थांब, गोठ्यात आहे, बाहेर येतो.
मग म्हणाला, त्या साली कटाईच्या टोळीला विळे नव्हते,
बाजारातला विळा घडाच्या दांड्यावर वळायचा,
कौतिक लोहार म्हणाला, गाडीच्या पाट्याचं पोलाद असलं तर आण.
"एकच काढला. चार विळे झाले त्याचे.
गाडी तेव्हा उभीच होती.
लावणार होतो रे नंतर."

चार विळे.
एक टोळीतला मुनीर बऱ्हाणपूरला घेऊन गेला.
एक विहिरीत.
एकाने वहिनी नारळ फोडते.
चौथा भाऊला आठवेना.

रमजानने माझ्या सीटखाली हात घातला.
फडकं, दोरीचं बंडल, फुटका आरसा
बाजूला करून विळा काढला,
मी रोज दोर कापतो तो.
मुठीपाशी नखाने खरवडलं.
तिथे अर्धं भोक होतं, सेंटर बोल्टचं.
"घे," तो म्हणाला, "गाडीतच आहे."

नवा पाटा भुसावळहून आला दोन दिवसांनी.
जुने सहा कौतिकच्या पोराने
भट्टीत लाल करून, घण घालून
पुन्हा कमानीत आणले.
त्यांच्यात नवा बसला, नव्या जावयासारखा ताठ.
पुन्हा वीत घातली.
दोन्हीकडे वीत आणि चार बोटं.
फळी रमजानने ठेवून घेतली,
गिऱ्हाइकांना दाखवायला.

सावद्याला जाताना दोनदा
गाडी उजवीकडे दुभाजकावर जाऊ लागली.
मग कळलं, तिला मीच ओढत होतो,
नऊ वर्षांच्या सवयीने.
हातांना कुणी सांगितलं नव्हतं.

मागून कुणी हॉर्न दिला नाही.
वळणावर चिल्लर सुटली
या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि पाचाचं एक नाणं खाली पडून
सीटखाली घरंगळलं,
विळ्याला लागून वाजलं.