मोजणी

काळाघोड्याच्या पुलाखाली, बाभळीवर
सतरा घरटी. अकरा पुरी, सहा अर्धी.
वहीत लिहिते: नर चार, माद्या नऊ.
खाली गाळात एक मगर. ती मोजणीत नाही.

मराठीत या पाखराला सुगरण म्हणतात,
गुजरातीत सुगरी,
आणि विणतो तो.
दोन्ही भाषांनी सगळं श्रेय बाईला देऊन टाकलं,
काम कोण करतंय ते वर मान करून पाहिलंच नाही.

तो हिरवं पातं चिरून आणतो, गाठी मारतो,
उलट्या वाटीएवढं झालं की थांबतो
आणि पंख फडकावत ओरडत सुटतो.
ती येते. त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.
आत शिरते, चोचीनं धागा ओढते,
फांदी पाण्यावर किती झुकते ते जोखते.
पटलं तर राहते.
मग तो खालची नळी विणून देतो,
आणि पिल्लं फुटायच्या आत
शेजारच्या फांदीवर पहिली गाठ.

अण्णा पाटबंधारे खात्यात नकाशे काढायचे.
सोमवार ते गुरुवार बाजवाड्यात, थोरल्या आईकडे,
उरलेले दिवस आमच्याकडे, कारेलीबागेत.
सायकल एकच. तिला दोन्ही रस्ते पाठ.
रेशनकार्डावर 'पत्नी' पुढे रेघही एकच होती,
तिच्यावर माझी आई कधी बसली नाही.

ते गेल्यावर कपाटात पावती निघाली:
गोरव्याकडे प्लॉट, चार भिंती, स्लॅब बाकी.
कुणासाठी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
दोघी एका रिक्षातून बघायला गेल्या, जन्मात पहिल्यांदा.
मी पुढे, ड्रायव्हरच्या कुशीला.
थोरल्या आईनं कोपऱ्यातली सळई धरून हलवली,
गंज पदराला पुसला.
आईनं चौकटीतून डोकावून विचारलं,
"पाणी कुठून आणणार होते इथं?"
"तुला सांगितलं असतं, तर मलाही सांगितलं असतं की!"
आणि दोघी हसत सुटल्या,
रिक्षावाला हॉर्न मारून थकला.

पुस्तक म्हणतं, मादी घरटं निवडते, नर नव्हे.
हे वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित केलंय,
शाई वापरायचा धीर झाला नाही.
आई आली तेव्हा तिला घर दाखवलं होतं
की नुसता नकाशा,
हे तिनं कधी सांगितलं नाही.

ऊन उतरलं. सहावं अर्धं घरटं वाऱ्यानं गिरकी घेतंय.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते: रिकामं.
मग खोडते,
लिहिते: पाहून गेल्या.