हजारी पाच रुपये

चांगदेव कचरू शिवदे.
वय चौतीस. उंची एकशे अडुसष्ट, वजन एकसष्ट.
छाती श्वास सोडून ब्याऐंशी, भरून एक्याण्णव.
नऊ सेंटीमीटरचा फरक!
शरणपूर रोडवरच्या या तिसऱ्या मजल्यावर
एकोणीस वर्षांत एवढी फुगणारी छाती
मी दोनदाच पाहिली असेल. तीही कागदावर.
माणसं माझ्यापर्यंत येत नाहीत.
येते ती लघवीतली साखर, ईसीजीची रेघ,
डॉ. मुसळ्यांचं शाईत बुडालेल्या मुंगीसारखं अक्षर.

व्यवसाय : पोहणे.
एजंट पगारेंनी ते खोडून वर लिहिलंय, मजुरी.
मी खोडलेलं आधी वाचते.
पगार त्याचाच मिळतो.

जादा प्रश्नावली पाठवली. उत्तरं त्याच्या हातची :
कामाची जागा – रामकुंड ते टाळकुटेश्वर पूल.
कामाचे स्वरूप – बुडालेले काढणे. जित्ते पण, मेलेले पण.
किती खोल – ते गेले असतील तिथवर.
सुरक्षा साधने – दोर.
वडील हयात? नाही.
कारणाच्या रकान्यात ‘पाणी’, त्यावर पगारेंचा ‘ताप’.

पुस्तिकेत घराण्यातून येणारं सगळं आहे,
हृदय, साखर, क्षय.
पाणी कुठल्याच पानावर नाही.

तक्ता सांगतो :
चौतिशीतल्या हजारांमागे वर्षाला एक जातो
आणि वर थोडे दशांश.
कोण, ते सांगत नाही,
म्हणून हजारही जण थोडंथोडं भरतात.
कुणाचा दशांश जड असेल तर
त्यानं जास्त भरायचं. एवढंच हे शास्त्र,
बाकी रबरी शिक्के.

बोरस्ते साहेब म्हणाले, नाकारा.
कुंभ तोंडावर आलाय, कशाला विषाची परीक्षा?
मी म्हटलं, हजारी पाच लावू.
दहा लाखांवर वर्षाला पाच हजार जास्तीचे.
साहेबांनी सही केली, चहा सांगितला.

बोलले नाही ते हे :
त्यानं गेल्या साली जित्ते काढले अकरा.
त्यातले कुणी आपल्याच दप्तरात असतील,
साध्या दरानं, बिनजादा.
न आलेल्या दाव्यांचा रकाना
मी संगणकावर शोधला.
जेवणाच्या सुट्टीत, उगीच.

संमतिपत्र आलं. सही पाण्यानं फुटलेली,
किंवा घामानं. नॉमिनी मुलगी, वय सहा.

आज गंगापूर धरणातून पाणी सोडलंय.
घरी जाताना पुलावर स्कूटर थांबवली.
सगळे तेच विचारत होते : मारुतीच्या कुठवर?
कंबरेच्या वर, कुणी म्हणालं, छातीला लागेल.
आपल्या गावाला दुतोंड्या मारुतीच्या अंगावर
पूर मोजायची सवय.
मी मात्र घाटाच्या खांबाला बांधलेला
एक दोर बघत राहिले, ताणलेला,
दुसरं टोक गढूळ पाण्यात.

हप्त्याची तारीख अठ्ठावीस होती.
पुढे तीस दिवसांची सवलत असते.
आज किती तारीख, हे मी
शेजारच्या शेंगावाल्याला दोनदा विचारलं.