'इतर' रकाना

समुद्र इथून किती लांब ते मला तोंडपाठ:
कसारा उतरून गाडीचे चार तास,
पुढे ट्रॅफिक देवाच्या हवाली.
आणि मधे सह्याद्री.
"मधे सह्याद्री आहे," साहेब मीटिंगमध्ये तीनदा म्हणाले,
जणू तो मुकादम आहे आणि त्याची रजा शिल्लक नाही.

तरी यादी केली.
दोर, चाळीस मीटर, दोन नग.
करवती पाच, पैकी चालू तीन.
जनरेटरचं डिझेल. त्यावर सही कुणाची, यात अर्धा तास गेला.
होर्डिंगवरचे वाढदिवस उतरवायला
गांगुर्डे शिडी घेऊन गंगापूर रोडला गेला;
भाऊंचे, दादांचे हसरे चेहरे
टेंपोत उताणे घालून घेऊन आला.

पाण्याचं आम्हाला कळतं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं की काय,
कमरेला लागलं की काय,
कुठवर आलं की सराफ बाजारानं शटर ओढायचं,
शेंबडं पोरही सांगेल.
वाऱ्याला मात्र या गावानं मापच ठेवलेलं नाही.
म्हणायला मारुती वाऱ्याचाच मुलगा,
जन्म इथलाच, अंजनेरीचा,
पण त्याला आम्ही पिढ्यान् पिढ्या
पाण्याच्या ड्यूटीला लावलाय.

दुपारपासून फोन.
रविवार कारंजा: वादळ नक्की किती वाजता?
दुकान जेवणाआधी बंद करू की नंतर?
पाथर्डी फाटा: सोलरची टाकी बांधायला सुतळी चालेल का?
जुन्या नाशकातून रऊफ कोकणी, वय ऐंशीच्या पुढे:
"आमच्या आडनावातच कोकण आहे, बाई.
येऊ द्या त्याला, ओळखीचं निघेल."
मी सगळ्यांना तेच सांगत होते,
पत्र्यावर वजन ठेवा, मोबाईल भरून ठेवा,
झाडाखाली गाडी नको.
आणि माझ्या घरी मागच्या खिडकीची कडी
दोन वर्षं मोडलेली.
नचिकेतला फोन केला: पाटा उचलून टेकव तिला.
तो म्हणाला, आई, खरंच येणार आहे का?
मी म्हटलं, पाटा टेकव.

सव्वादोनला आलं.
घाट चढून दमलेल्या ट्रकसारखं,
पहिल्या गिअरमध्ये, कण्हत.
कॉलेज रोडला झाडं सतरा.
एक रिक्षा चपटी, आत कुणी नव्हतं.
सातपूरला पत्रे उडाले, मोजायचे बाकी.
दिवे गेले. जनरेटर लागला.
तेव्हा कुणालाच सही आठवली नाही.

पहाटे साहेब केस विंचरून आले.
"बघा. म्हटलं नव्हतं? सह्याद्री."
दोर परत आले, गाठ न पडलेले.
गांगुर्डे विचारत होता,
वाढदिवस आता पुन्हा लावायचे का,
तारीख तर उलटून गेली.

सहा चाळीसला सातपूर कॉलनीतून बेंडकुळे, रिटायर्ड फिटर.
"ताई, तक्रार नाही.
गच्चीवर एक पाखरू बसलंय.
वरून काळं, खालून पांढरं, चोच टोकदार.
पारवा नाही. बगळा तर नाहीच.
बोटांमध्ये बदकासारखी कातडी.
टाकीच्या आडोशाला आहे, तोंड पश्चिमेकडे.
वाटीत पाणी ठेवलं, पीत नाही."
मग जरा थांबून, आवाज उतरवून:
"मीठ घालून देऊ का?"

रजिस्टरला रकाने आहेत:
झाड, भिंत, पत्रा, वीज, जीवित.
शेवटी 'इतर', बोटभर रुंद.
त्यात लिहिलं: समुद्र. नग एक.
वजन अंदाजे दोनशे ग्रॅम. वन विभागास कळवले.

साहेबांनी खाली सही केली.
सही करताना ते वाचत नाहीत.

घरी आले तर पाटा खिडकीशी तसाच.
नचिकेत म्हणाला, काढू?
राहू दे.