वारं लागू द्या

सिरिंजमध्ये पू नव्हता, पातळ लालसर पाणी होतं.
सुई रबरी बुचात खोचलेली,
म्हणजे पाठवणाऱ्याला ठाऊक होतं
की आत जे आहे त्याला हवा सोसत नाही.
चिठ्ठीवर: सुभान तडवी, एकोणीस, उजवी पोटरी.
खाली दोनदा रेघ मारून: आजच.

भुसावळचा मे. पंखासुद्धा भट्टीचा वारा टाकतो.
काच ज्योतीवरून फिरवली,
जांभळा रंग, आयोडीन, स्पिरिट, पाणी,
आणि डोळा लावला तर
मालगाडीच्या वाघिणी.
आखूड, जाड, कोपरे चौकोनी,
यार्डात बाजूला काढून ठेवल्यासारख्या, इंजिनाविना.
बापू याच यार्डात शंटिंगला होते.
त्यांना एकदा दाखवायचं राहून गेलं.
पांढऱ्या पेशी शोधल्या. दोन सापडल्या, त्याही फुटलेल्या.
लढायला आलेलं कुणी उरलं नव्हतं.

यांच्यासाठी मी सोमवारी मांस शिजवते.
लेव्याची लेक, चातुर्मासात वांगंसुद्धा वर्ज्य,
आणि गनीभाईकडून बोकडाचं हृदय आणते, बारीक करून.
पहिल्यांदा तो म्हणाला, ताई, तुमच्याकडे कोण खातं?
म्हटलं, पाहुणे आहेत. फार जुने.
त्यांना शिजवलेलं लागतं आणि दार बंद लागतं.
बाटलीत वरून पॅराफिनचा थर ओतते,
तुपासारखा.

जुनेच ते.
हवा नव्हती तेव्हा सगळा मुलूख त्यांचा.
मग कुणा हिरव्यानं श्वास सोडायला सुरुवात केली
आणि हे खाली खाली सरकले,
तापीच्या गाळात, गुरांच्या आतड्यात,
केळीच्या बुडाशी, काळ्या मातीत,
एकेक जण बी होऊन बसला.
उकळलं तरी मरत नाही ते बी.
ऊन तर काय, ते रोजचंच.

यांच्याच एका भावकीतल्याला आपण नाव दिलंय: धनुर्वात.
माणसाचं धनुष्य करणारा वात.
ज्याला वाऱ्याची शिसारी
त्याच्या नावात वारा घालून ठेवलाय कुणीतरी.
याला मात्र गावात नाव नाही.
गाव म्हणतं, पाय सडला.

घड उतरवताना कोयता निसटला होता.
जैतूनबीनं आधी माती दाबली, रक्त थांबलं.
मग हळद. मग ओढणीचे सात वेढे,
आणि तिच्या सासूनं सांगितलेलं, तिच्या सासूला कुणी सांगितलेलं:
वारं लागू देऊ नको.
तीन दिवस तिनं वारं लागू दिलं नाही.
तिसऱ्या रात्री पोटरी तांब्याच्या रंगाची झाली,
दाबली की आत करकरायची,
वाळल्या केळपानावर पाय पडावा तशी.
वास गोडूस होता, ती म्हणाली.
गोड म्हणून आधी भ्यायली नाही.

रिपोर्ट मी स्वतः वर नेऊन दिला.
डॉक्टरांनी तोपर्यंत चिरलं होतं,
मेलेलं सगळं काढून टाकलं होतं, टाका एकही नाही.
ती दाराशी. टाके काऊन नाही मारले, बाई?
उघडं काऊन ठेवलं?
मी म्हटलं, आत जे आहे ना, ते हवेनं मरतं.
तिला कळलं. इतक्या लवकर कळेल असं वाटलं नव्हतं.
तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं,
गाठ मारायची बोटं असतात ती.
मी म्हणायला हवं होतं काहीतरी.
मी म्हटलं, इंजेक्शनं मोठी आहेत, महाग नाहीत.

शुक्रवारी पाय गुडघ्याखालून गेला. पोरगा आहे.
शनिवारी पाहिलं,
केळीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन ती वारा घालत होती
बँडेजला.
नर्स हसली. मी नाही थांबवलं.

संध्याकाळी बरणी उघडायची होती.
आतली पट्टी पांढरीफट, म्हणजे हवा शून्य.
स्क्रू सैल केला तसा बारीक सुस्कारा आला,
बरणीचा की माझा कोण जाणे,
आणि पट्टीच्या एका कडेनं
निळं
चढायला लागलं.