पान सदतीस

आराखड्याच्या पान सदतीसवर
एकच ओळ मला पटली:
प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद थांबावे.
बाकी सगळं, फलनिष्पत्ती, निर्देशांक, रंगीत तक्ते,
गणेशखिंडीतल्या सभागृहात
चहाबरोबर गार झालं.

आज थांबलो.
एक. दोन. पंखा कुरकुरला.
चार. औंधच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरलेला.
सहाला उत्तर माझ्याच जिभेवर आलं,
बावीस वर्षं मीच देत आलोय ना.
गिळलं.

नऊ.
शेवटच्या बाकावरून धडगावची रंजिला पावरा,
वर्षभर जिचं फक्त ‘हजर’ ऐकलेलं,
म्हणाली,
“सर, प्रश्नच चुकलाय.”

फळ्याकडे वळलो.
खरंच की.
पिवळ्या पडलेल्या वहीतून
दरवर्षी तसाच उतरवत आलो होतो.