ताबा

वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात
छापील अर्जावर एक रकाना आहे:
मुलीचा ताबा सध्या कोणाकडे.

हा शब्द मला आधी फक्त खोलीचा ठाऊक होता,
नेहरूनगरची, म्हाडाची,
किल्ली आणि पावतीसकट मिळालेला.
मग एका रात्री दारात हवालदार.
"साळुंके आमच्या ताब्यात आहेत," म्हणाला,
आणि पाणी मागितलं.

भिशी होती. बावीस बायका, महिन्याला दोन हजार,
वही यांच्याकडे
कारण बिल्डिंगीत यांचं अक्षर सगळ्यांत सुबक.
एका मे महिन्यात वही राहिली, हे गेले.
पोटगी ठरली तेव्हा फरार होता,
सापडला तेव्हा पोटगी द्यायला हात मोकळे नव्हते.
आता मी 'तो' म्हणते.
अहोजाहो कुठल्यातरी तारखेला कोर्टातच राहून गेलं.

नाशिक रोडहून तिमाहीला मनिऑर्डर येते,
कधी सहाशे चाळीस, कधी त्याहून कमी.
सुतारकामाची मजुरी, कापूनकुपून.
महिन्याचे ठरलेत चार हजार.
थकलेत एक लाख अठ्ठ्याऐंशी.
वकीलबाईंनी मोबाईलवर हिशोब मांडला:
या गतीने त्र्याहत्तर वर्षं,
आणि यात पुढची चढणारी धरलेली नाही.
म्हटलं, कनिष्का तेव्हा ब्याऐंशीची असेल,
बापाची पोटगी बिनदातांनी खाईल.
वकीलबाई हसल्या. मीही.
मग दोघी एकदम गप्प झालो.

पोस्टमन खालूनच नाव पुकारतो.
चारही मजले ऐकतात.
मी जिना उतरते, सही करते, नोटा मुठीत धरून वर येते,
आणि एकही दार काही बोलत नाही.
बोललं असतं तर भांडता आलं असतं.
बावीसजणींचं देणं आहे,
आम्ही दोघी तेविसाव्या, चोविसाव्या,
आणि पैसे मात्र आमच्याच दारात येतात.

पहिल्या मजल्यावर पालवबाई.
पुढची भिशी त्यांची होती, चव्वेचाळीस हजार,
सुनेच्या बाळंतपणाला राखलेली.
पहिल्या तारखेला मला वांद्र्याहून यायला साडेपाच झाले,
कनिष्का दाराशी नाही, जिन्यात नाही.
खालून हाक आली: "बसलीय जेवायला. तू पण ये."
तांदळाची भाकरी, सुकट,
आणि नातू तिच्या मांडीवर निजलेला.
तेव्हापासून दर तारखेला ती तिथेच.
पैशाचा शब्द पालवबाईंनी आजवर काढला नाही.
फक्त एकदा, तिची वही चाळताना,
"पोरीचं अक्षर बापासारखं आलंय हो."
कौतुकानंच म्हणाल्या.
मला रात्रभर झोप नाही.

मागच्या महिन्यात त्याने तुरुंगातून अर्ज केला,
मुलीला बघायचंय, व्हिडिओवर.
साहेबांनी विचारलं, आक्षेप आहे का?
आक्षेप पुष्कळ होते. नाही म्हणाले.

पडद्यावर तो आला, केस बारीक, मागे निळी भिंत.
उंची किती झाली, त्याने विचारलं.
चार फूट दोन, ती म्हणाली.
एवढ्यात दोघांचं बोलणं संपलं.
मग तिने आपणहून दप्तर उघडलं,
शुद्धलेखनाची वही काढली
आणि पान कॅमेऱ्यासमोर धरलं.
तो बराच वेळ बघत राहिला,
पापणी न हलवता.
किंवा चित्र अडकलं असेल.
तिकडून आवाज येत नव्हता,
हिचा हात भरून आला तरी वही खाली नाही.

तर हा रकाना. एका ओळीचा आहे.
मागचा माणूस पेन मागतोय,
कारकून म्हणतो, बाई, आटपा.
मी लिहिते: आई.
भिंतीवर दीड वाजलाय.
पालवबाईंनी आत्ता ताट वाढलं असेल.