परदेश, पान दोन

म्हापशाच्या छापखान्यात मी तेवीस वर्षं खिळे जुळवले.
तिथं अक्षर हातात येतं ते आरशातलं,
त्यामुळे बातमी मला आधी उलटी कळायची.
देशही.

पान दोन, मथळा 'परदेश'.
त्यात इजिप्त, चीन,
आणि पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचं बांदा,
जिथं माझी बहीण चंद्रावती दिली होती.

तिच्या वाड्यात गोवर आला, दोन पोरं गेली.
ते छापलं नाही.
छापलं ते असं: तिकडे भूक. तिकडे दंगे.
तिकडे माणसं रेशनच्या रांगेत.
नाक्यावर बटाटे अडले त्या वर्षी
आम्ही लिहिलं, हॉलंडचा बटाटा जास्त गोड.
सेन्सॉरला मराठी येत नसे. त्याचा दुभाषी बाबलो
'संघराज्य'च्या आधी 'हिंदी' आहे ना, एवढंच बघायचा
आणि निळा शिक्का उमटवायचा.

'भूक' इतकी छापली की भ पुरेनात.
भाताच्या दरातले भ उपटून
मी ती पुरी केली.

मग डिसेंबर. तीन दिवस छापखान्याला कुलूप.
चौथ्या दिवशी मालक टोपी हातात घेऊन आत आले.
म्हणाले, गुणो, परदेशात आता लिस्बन घाल.
एवढंच.
मथळा तोच, चौकट तीच, रूळही तोच वाकडा.
तिकडे भूक. तिकडे जुलूम.
तिकडे माणसं तुरुंगात.
यातलं बरंच खरं होतं.
आधीचंही बरंच खरं होतं.
भ तेच, कोपरे झिजलेले.

फेब्रुवारीत बहीण आली. नाक्यावर कुणी हटकलं नाही.
ओट्यावर बसून म्हणाली,
आमच्याकडे पान दोनवर तुम्ही असायचात, साखळदंडात.
मला वाटायचं, तुला बेड्या घालून कामाला नेतात.
मी हसलो.
तिनं तरी माझी मनगटं उलटून पाहिली.
शाई होती, नखांत. तिनं पदरानं पुसली,
निघाली नाही.

आता नातू रंगीत पुरवणी आणून देतो.
लिस्बनची पिवळी ट्राम, भाजलेले तारले, फुटबॉल,
चढावरच्या घरांना निळ्या फरश्या.
भूक कुठंच नाही.
खाली चौकटीत जाहिरात:
आजोबांचा जन्मदाखला आणा, पासपोर्ट मिळवा.

माझ्या दाखल्यावर नाव 'गुणुम' पडलंय,
कुण्या कारकुनाच्या नाकातून.
मुद्रितशोधन माझं नव्हे, मी नातवाला सांगतो.
तो म्हणतो, चालतं आजोबा, उलट बरं.

मी पुरवणी उलटी धरून बघतो. सवय.
त्याला घाई आहे. दाखला खिशात घालून उठतो.
पणजीला रांग, म्हणाला,
पहाटे पाचलाच लागते.